गुळाचा हात

माझे दाजी बदाम खात नाहीत, बदाम घेतात. औषध घ्यावं तसे. सकाळी फिरून आले की पंख्याखाली बसायचं, पाय पसरायचे आणि स्वयंपाकघराकडे बघून नुसतं "हं" म्हणायचं. मग माझी ताई भिजवून सोललेले बदाम, अक्रोडाचे तुकडे आणि थोडे पिस्ते घातलेली वाटी आणून ठेवणार. वाटीतला ऐवज तोंडात जाण्याआधी काट्यावर चढणार. महेंद्रदाजींची सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली. आयुष्यभर दुकानदारांचे काटे तपासले, आणि निवृत्त झाल्यावर तपासायला कोणी उरलं नाही, तर एक छोटा काटा स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला. तीस ग्रॅम म्हणजे तीस ग्रॅम. एखादा पिस्ता जास्त झाला तर तो काढून ताईच्या हातावर ठेवत. ताईला रोज मिळणारा सुकामेवा तेवढाच.

मी हे चेष्टेनं सांगतेय असं वाटेल. चेष्टेचे दिवस होते तेव्हा भरपूर केली. आता ती वाटी नुसती डोळ्यांसमोर आली तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आणि ती दाजींवर काढताही येत नाही, कारण आता ते माझ्याआधी रडायला लागतात.

ताई ठाकुर्लीला राहते, मी ठाण्यात कोपरीला. मी शाळेत शिकवते, ती घरी ब्लाउज शिवते. शिवते म्हणायची सवय अजून जात नाही. हॉलच्या खिडकीपाशी तिचं मशीन, शेजारी गिऱ्हाइकांच्या कापडांच्या पिशव्या. लग्नसराईत तर त्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. तिच्या हातच्या ब्लाउजला खांद्यावर सुरकुती पडत नाही, असं डोंबिवलीपासून शहाडपर्यंतच्या बायका सांगायच्या. एकदा माप घेतलं की दुसऱ्यांदा टेप काढत नसे, बाई दारातून आत येतानाच तिची जाडी-बारीकी ताईच्या नजरेत भरायची. रचनाताई म्हणजे हात आणि डोळे, बाकी तिच्यात तिचं स्वतःचं असं काही नव्हतंच.

दाजींची शुगर निवृत्तीच्या वेळच्या तपासणीत निघाली. कोलेस्टेरॉल वाढलेलं, पोट पुढे आलेलं, बीपी काठावर. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, संध्याकाळची शेव-फरसाणाची ताटली बंद, चहासोबतची खारी बंद, त्याच्या जागी मूठभर बिनमिठाचे बदाम-अक्रोड खा आणि रोज चाला. दाजी एकदा मनावर घेतात ते घेतात. वर्षभरात पोट आत गेलं, कोलेस्टेरॉल खाली आलं, डॉक्टरांनी एक गोळी अर्धी केली. बदामांचा त्यात वाटा होता हे मीही मानते. फरसाणाऐवजी ते पोटात गेले की भूक धरून राहते, संध्याकाळी हात डब्याकडे जात नाही, एवढं मला पटलेलं आहे. रागाच्या भरात बिचाऱ्या बदामांना नावं ठेवणार नाही.

पण माणूस बरा झाला की गप्प बसत नाही. दाजी त्यांना बदाम म्हणेनात, 'नट्स' म्हणायला लागले. रविवारी विहारात वंदना झाली की चपला घालणाऱ्या माणसांना दारातच धरून ठेवायचे. "एक मूठ नट्स, रोज. शुगर कशी पळते बघा." लोक मागून त्यांना बदामसाहेब म्हणायचे, आणि ते कानावर आलं तरी त्यांना वाईट वाटत नसे. उलट मान ताठ व्हायची.

आणि बंद झालेलं फरसाण गेलं कुठे? ते घरात यायचं थांबलं नव्हतं. पाहुण्यांसाठी यायचं, दिवाळीत मिठाईचे डबे यायचे, खारीचा पुडा सवयीनं यायचा. दाजींच्या डोळ्यांसमोर नको म्हणून ताई ते लपवायची आणि वाया जाऊ नये म्हणून संपवायची. दाजींच्या तोंडून जे जे काढलं ते ते ताईच्या तोंडात गेलं. सकाळचा उरलेला गोड चहा तिचा, रात्रीचा उरलेला भात तिचा. बदाम सोलले की सालंसुद्धा तीच तोंडात टाकायची. "टाकवत नाहीत गं," म्हणायची.

एकदा मी म्हटलं, "अगं, दोन बदाम तूही खा की."

"मला काय झालंय?" ती अगदी सहज म्हणाली.

आमच्याकडे हे असंच होतं. बाईनं सुकामेवा खायचा तो बाळंतपणात. एरवी तो घरच्या पुरुषाचा, परीक्षेला बसलेल्या पोरांचा आणि पाहुण्यांचा. आमच्या आईनंही आयुष्यात काजू-बदाम खाल्ले ते आम्हा बहिणींच्या जन्माच्या वेळी, डिंकाच्या लाडवांतून. कोणी मनाई केली नव्हती. तिच्या हाताला तशी सवयच नव्हती.

मग ताई बारीक व्हायला लागली. आधी चेहरा, मग दंड. तिनं स्वतःचेच ब्लाउज आत घेतले. आणि लोक काय म्हणाले सांगू? सगळे म्हणाले, छान झालीस. विहारातल्या बायका विचारायच्या, काय करतेस गं, आम्हालाही सांग. दाजी श्रेय घ्यायला तयारच होते. "घरातला डाएट बदलला की सगळ्यांवर परिणाम होतो," असं ते मलाही सांगायचे. ती पाणी पीत राहायची, मशीनशेजारी मोठी बाटली भरून ठेवायची, ती संपायची. उकडतंय म्हणायची. बाथरूममध्ये मोरीच्या कडेला मुंग्यांची रांग लागायची आणि दाजी सोसायटीच्या सेक्रेटरीकडे तक्रार करायचे की तळमजल्यावरून मुंग्या वर येतात. ताईनं मुंग्यांचा खडू आणून मोरीभोवती पांढरी रेघ ओढली. दर दोन दिवसांनी ती रेघ पुन्हा ओढायची. लघवीला मुंग्या लागल्या की आमच्या आज्ज्यांना त्याचा अर्थ कळायचा. आम्हाला रिपोर्ट वाचता येतात, म्हणून मुंग्या वाचता येत नाहीत.

प्रियांका, म्हणजे ताईची मुलगी, बाळंतपणाला माहेरी आली. दिवस भरत आले तसे ताईनं लाडवांचं सामान काढलं. डिंक, खारीक, खोबरं, गूळ आणि दाजींच्या बरणीतले बदाम. हे बदाम मात्र दाजींनी खुशीनं दिले, न मोजता. मला सुट्टी होती, मी मदतीला गेले होते. सकाळपासून घरात तुपाचा आणि भाजलेल्या डिंकाचा वास. ताई खाली पाट मांडून लाडू वळत होती, मी खारीक कुटत होते, प्रियांका पोट सांभाळत खुर्चीत बसून दोघींची नक्कल करत होती.

तेवढ्यात दाजी नवं मशीन घेऊन आले. शुगर मोजायचं. जुन्याचं काहीतरी बिघडलं होतं. दाजींना कुठलंही मोजायचं यंत्र हाती आलं की लहान पोरासारखं होतं. आधी स्वतःचं बोट टोचलं, आकडा चांगला आला, तो आम्हाला दाखवला. मग माझं टोचलं. तोही बरा आला. मग म्हणाले, "रचना, तूही ये. मशीन नीट आहे का बघू."

"मला कशाला?"

"ये गं. मुंगी चावल्यासारखं होतं नुसतं."

ताई उठली, आत मोरीकडे गेली, पदराला हात पुसत आली. बोट पुढे केलं. दाजींनी टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीला लावला. मशीननं थोडा वेळ घेतला आणि आकडा आला तीनशे चौऱ्याहत्तर.

प्रियांकानं माझ्याकडे बघितलं. आणि मग दाजी मोठ्यानं हसले.

"गुळाचा हात!" ते म्हणाले. "अरे, गुळाचा हात आहे हिचा! सकाळपासून गूळ चिवडतेय. बोटावर गोड असलं की मशीन तेच वाचतं. आमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, आंबा सोलून तपासलं तर आंब्याची शुगर दिसते." मग प्रियांकाकडे वळून म्हणाले, "तुझी आई नाही, लाडूच तपासला आपण!"

प्रियांका हसली, मी हसले, ताई सगळ्यात जास्त हसली. आणि चूक तरी काय होती त्यात? गोष्ट खरी आहे. हाताला गोड लागलेलं असलं की मशीन खोटं बोलतं. ज्याला काहीच माहीत नाही असा माणूस त्या जागी असता तर घाबरून ताईला दवाखान्यात घेऊन पळाला असता. दाजींना माहीत होतं, तिथंच सगळं मातीत गेलं.

मी म्हटलं, "परत एकदा करा ना."

"पट्ट्या म्हणजे काय चुरमुरे आहेत?" दाजी म्हणाले. "उद्या सकाळी उपाशीपोटी करू. नीट हात धुऊन."

दुसऱ्या दिवशी पहाटे प्रियांकाला कळा सुरू झाल्या. उपाशीपोटी तपासायचं कोणाच्या डोक्यात राहणार? सलिल झाला. गोरागोमटा, आजोबांच्या नाकाचा. दाजींनी विहारात खीर वाटली. ताई लेकीचं आणि नातवाचं करण्यात इतकी बुडाली की तिला श्वास घ्यायला वेळ नव्हता, मग बोट टोचायला कुठला?

डोळ्यांचं सुरू झालं ते वर्षाच्या आत. आधी सुईत दोरा ओवायला वेळ लागायला लागला. ती चष्म्याच्या दुकानात गेली, नंबर वाढवून घेतला. काही महिन्यांनी पुन्हा वाढवला. दुकानदार म्हणाला, वयाचं आहे मावशी. मग एकदा संचिताच्या आईचा काळा ब्लाउज तिनं निळ्या दोऱ्यानं शिवून दिला. संचिताची आई तिची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. तिनं भांडण केलं नाही, ब्लाउज परत आणून दिला आणि म्हणाली, "रचनाताई, तब्येत बरी आहे ना?" त्याचंच ताईला जास्त लागलं. त्या रात्री तिचा मला फोन आला.

"वैशू, उजव्या डोळ्यात जळमट आलंय गं. पुसलं तरी जात नाही. काळं काळं तरंगतंय."

"किती दिवस?"

"झाले असतील थोडे. मला वाटलेलं चष्म्याच्या काचेला काय आहे."

मी दुसऱ्याच दिवशी शाळेत रजा टाकली आणि तिला ठाण्यात डोळ्यांच्या हॉस्पिटलात आणलं. दाजी बरोबर होते. त्यांच्या हातात त्यांची फाईल होती, कारण हॉस्पिटल म्हटलं की ती फाईल घ्यायची त्यांना सवय. डॉक्टर तरुण बाई होती. तिनं ताईच्या डोळ्यांत थेंब घातले, बाहुल्या मोठ्या होईपर्यंत बसवून ठेवलं, मग यंत्रापाशी हनुवटी टेकवायला लावली आणि प्रकाश टाकून बराच वेळ आत बघत राहिली. एक डोळा, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"मावशी, शुगर कधीपासून आहे?" तिनं विचारलं.

"मला नाही," ताई म्हणाली. हनुवटी तशीच टेकलेली, बोट फक्त मागे वळवलं. "यांना आहे."

"हो, हो, पेशंट मी आहे," दाजी पुढे झाले आणि त्यांनी स्वतःची फाईल डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "आता एकदम कंट्रोलमध्ये आहे. बघा ना."

डॉक्टरनं फाईल उघडली नाही. तिनं नर्सला हाक मारली आणि ताईची शुगर तिथल्या तिथे तपासली. माझ्यासमोर, साबणानं हात धुवून घेऊन, स्पिरिट लावून. आकडा चारशेच्या वर गेला. लाडू नव्हते, गूळ नव्हता, उपाशी बाई होती.

मग तिनं ताईला बाहेर बसवलं आणि आम्हाला दोघांना आत ठेवलं. उजव्या डोळ्याचा पडदा आतून ओढला जाऊन सुटलाय, म्हणाली. ऑपरेशन करू, पण फारशी आशा ठेवू नका. डाव्यातही रक्त उतरायला सुरुवात झालीय. लेसर, इंजेक्शनं, जे आहे ते सगळं करू. हे एका दिवसात होत नाही, कितीतरी वर्षं शुगर वाढलेली असणार. किडनीही तपासावी लागेल.

दाजींनी विचारलं, "हिला पण नट्स सुरू करू का?"

मला वाटलं, आता यांना मी मारते. पण डॉक्टर शांतपणे म्हणाली, "करा की. चांगलेच असतात. तुम्हाला फायदा झाला तसा आधीपासून त्यांनाही थोडा झाला असता. बदामच लागतात असंही नाही, घरातले भाजलेले शेंगदाणे मूठभर चालतात. पण काका, आज त्यांना इन्सुलिन लागणार आहे. नट्सनं आता डोळा वाचणार नाही."

"मग शुगर नॉर्मल आली की?" दाजी म्हणाले.

"शुगर नॉर्मल आली तर जे उरलंय ते टिकायची शक्यता वाढेल. गेलेलं परत येत नाही. मावशींना कधी आणि कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा, पण सांगा."

"मी सांगतो," दाजी म्हणाले.

दाजी औषधं आणायला खाली गेले. मी बाहेर बाकावर ताईशेजारी बसले. थेंबांमुळे तिला सगळं धूसर दिसत होतं, म्हणून तिनं माझा हात चाचपून घेतला.

"वैशू, शुगर आहे ना मला?"

"आहे."

ती म्हणाली, "मी त्या दिवशी हात धुतलेले गं."

मला कळलं नाही. "कधी?"

"लाडवांच्या दिवशी. यांनी बोलावलं म्हणून आत गेलेले ना, तेव्हा साबणानं चांगले धुतलेले. तुपाचा हात कसा पुढे करायचा, म्हणून दोनदा धुतले."

"मग बोलली का नाहीस तेव्हा?"

"काय बोलू? ते एवढे हसत सांगत होते. मला वाटलं, यांना जास्त कळतं. डिंक भाजताना चाखायला तोंडात टाकलेला, त्यानं असेल. आणि पोरीचे दिवस भरलेले." मग हळूच म्हणाली, "एका घरात दोन पेशंट कसे चालतील वैशू? त्यांचं मी बघत होते. माझं कोणी बघायचं?"

मी रडायला लागले. दवाखान्यात, लोकांसमोर, मोठ्यानं. रडू दुःखाचं होतं की संतापाचं ते मलाही ठाऊक नाही. ताईच मला गप्प करत होती. "त्यांना सांगू नकोस," ती म्हणाली. "हात धुतल्याचं. ते नाही सहन करणार." मी कबूल केलं. अजूनपर्यंत पाळलंय, आणि दाजी माझ्यासमोर बसून "मला वाटलं गुळाचा हात, मला खरंच वाटलं गं गुळाचा हात" म्हणून रडतात तेव्हा ते वाक्य माझ्या दाताखाली असतं.

त्यानंतर दाजी ताईच्या मागे लागले ते हात धुऊन. वाईट अर्थानं म्हणत नाही, त्यांच्याइतकं दुसऱ्या कुठल्या नवऱ्यानं केलं नसतं. इन्सुलिन टोचायला शिकले. स्वतःच्या वाटीशेजारी दुसरी वाटी आली, तिच्यात बदाम, अक्रोड, शेंगदाणे. भिजवायचे तेच, सोलायचे तेच, हातात द्यायचे तेच. ज्वारीची भाकरी थापायला शिकले, फाटकीतुटकी का होईना. गोड चहा घरातून हद्दपार झाला. विहारात जाणं सोडलं, लोकांनी विचारलं तर खाली बघायचे. मला त्यांची दया यायची आणि त्या दयेचाही राग यायचा. हीच काळजी तिला आधी मिळाली असती तर? ती सगळी या घरात होतीच की. टेबलावर, काट्याशेजारी, रोज सकाळी. फक्त एकाच माणसाच्या नावानं होती.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि काही उपयोग झाला नाही. डाव्यात इंजेक्शनं दिली. मधे थोडे दिवस बरे गेले, तेव्हा तिनं सलिलला एक झबलं शिवलं, सरळ शिवणीचं, आणि फोनवर मला तीनतीनदा सांगितलं. मग एका सकाळी उठली आणि म्हणाली, खिडकी उघडा ना हो, अजून अंधार आहे. खिडकी उघडीच होती, बाहेर दहा वाजले होते. डावाही गेला. आता तिला ट्यूबलाइट कुठे आहे ते कळतं, समोर कोणी उभं राहिलं तर सावली कळते. डॉक्टर म्हणाली, एवढं टिकलं तरी पुष्कळ.

परवा मी ठाकुर्लीला गेले ती कापडं न्यायला. मशीनशेजारी गिऱ्हाइकांच्या पिशव्या कधीच्या पडून होत्या. लोकांनी भिडेपोटी मागितल्या नव्हत्या, पण किती दिवस ठेवायच्या? दाजींनीच फोनवर सांगितलं होतं, तू येऊन ज्याच्या त्याच्या घरी पोचव, माझ्यानं होणार नाही. ताई खुर्चीत बसली होती. मी एकेक पिशवी उचलून मोठ्या पिशवीत भरत होते, आणि ती आवाजावरून ओळखून नावं सांगत होती. कुरकुरली ती पैठणीच्या काठाची, मऊ आहे ती संचिताच्या आईची. मी तिला म्हटलं, नीट ठेवते. कुठे ते सांगितलं नाही.

मी मोठी पिशवी खांद्याला लावून दारापर्यंत आले तेवढ्यात दाजींच्या मोबाइलवर लॅबचा रिपोर्ट आला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, पुन्हा वाचला. आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा खुलला.

"रचना! तीन महिन्यांची सरासरी आली. सहा पॉइंट चार! अगं, माझ्यापेक्षा चांगली! वैशाली, ऐकलंस का? हिनं मला मागे टाकलं!"

ताई सरसावून बसली. "म्हणजे नॉर्मल ना?"

"नॉर्मलच म्हणायची! डॉक्टर पाठ थोपटतील तुझी."

"बरं झालं," ताई म्हणाली. तिनं पदर सारखा केला, चेहरा दाजींच्या आवाजाकडे वळवला आणि हसून विचारलं, "मग आता दिसायला लागेल ना?"

दाजींच्या हातातला मोबाइल तसाच राहिला.

"तुम्हीच म्हणालेलात ना, आधी शुगर नॉर्मल होऊ दे, मग डोळे," ती म्हणाली. "मी एक दिवस चुकवलं नाही हो. तुम्ही दिलंत ते सगळं खाल्लं. सलिलच्या वाढदिवसाचा केक पण तोंडाला लावला नाही. म्हटलं, आधी डोळे येऊ देत, त्याचं तोंड नीट बघते, मग खाईन."

मी दाजींकडे बघितलं. त्यांनी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी डॉक्टरसमोर मी सांगतो म्हणाले होते, आणि मी समजून चालले होते की सांगितलं असेल, आणि ताई सगळं कळून शांत बसलीय. ती शांत नव्हती, वाट बघत होती. दाजींनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की तूच बोल, तुला बोलता येतं.

"हळूहळू," शेवटी तेच म्हणाले.

"हो, हळूहळूच. मला कुठे घाई आहे." मग ती दाराच्या दिशेला वळली. "वैशू, अगं ती कापडं परत देत फिरू नकोस हं. मला माहितीये कुठे नेतेयस ते. संचिताच्या आईला म्हणावं जरा थांबा, पोरीच्या लग्नाला वेळ आहे अजून. मी देते शिवून."

माझ्या तोंडाला आयुष्यात कधी लगाम नव्हता. शाळेत हेडमास्तरांना तोंडावर बोलणारी बाई मी. तिथे दारात मात्र तोंडातून एवढंच निघालं.

"ठेवते," मी म्हटलं. आत आले आणि पिशवी मशीनशेजारी ठेवून दिली.